कलेच्या नावाने एक खाते

चातुर्मास सुरू होऊन आठवडा उलटला होता. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून मी ओसरीवर बसलो असता अंजनगावातील एक आडत व्यापारी घरी आले. त्यांचा-आमचा तीन पिढ्यांचा परिचय. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही कागद होते. पाणी झाले, पावसाचे झाले, कपाशीचे झाले; मग त्यांनी ती गुंडाळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, पोरगा तुमचं ऐकते. त्याले जरा आकड्यात समजावून सांगा."

मुलाने बी. कॉम. केले होते. सीएची इंटरमिजिएट परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता आणि अमरावतीस आर्टिकलशिपही पूर्ण केली होती. अंतिम परीक्षा तेवढी राहिली होती. आता त्याने घरी सांगितले होते की पुढे सीए करायचे नाही, दुकानावरही बसायचे नाही, चित्रकार व्हायचे आहे. आईने दोन दिवस अन्न घेतले नव्हते. आजोबा बोलेनासे झाले होते.

मी कागद उलगडले. जलरंगातील चित्रे होती. पानमळ्यात शेवरीवर चढलेल्या वेली, आमच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे ओसाड स्थानक, शहानूर नदीचे कोरडे पात्र. शेवटचे चित्र आडत दुकानातील तराजूचे, आणि त्यामागे मान वाकवून वही लिहिणाऱ्या आजोबांचे. चित्रकलेतील मला काही कळत नाही. पण ती वाकलेली मान मी ओळखली, कारण तशीच मान घालून ते गृहस्थ वर्षानुवर्षे बँकेत माझ्या टेबलापुढे स्लिप भरत असत.

"आठ दिवसांची मुदत द्या," मी म्हणालो. त्यांना थोडे नवल वाटले. असे उत्तर मी तत्काळ देईन, अशी त्यांची अपेक्षा होती.

एक जुना निकाल

तत्काळ उत्तर मी एकदा दिले होते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका शाखेत अधिकारी असताना तेथील एका कापड व्यापाऱ्याने आपल्या मुलाला याच कामासाठी माझ्याकडे आणले. तो मुलगा बँकेत आला की रांगेत उभ्या उभ्या पैसे काढण्याच्या स्लिपांच्या पाठीमागे माणसांचे चेहरे काढी. त्याला मुंबईस जाऊन चित्रकला शिकायची होती. मी एक कोरा कागद घेतला, डाव्या बाजूला दुकानाचे वार्षिक उत्पन्न लिहिले, उजव्या बाजूला चित्रकाराचे संभाव्य उत्पन्न म्हणून शून्य लिहिले आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. दहा मिनिटांत काम झाले. वडिलांनी माझे आभार मानले, मुलगा गप्प राहिला.

त्याचे दुकान आज उत्तम चालते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेट झाली तेव्हा मी सहज विचारले, "अजून चित्रे काढता का?" तो हसून म्हणाला, "काका, आता हात वळत नाही." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मात्र घरी परतताना वाटेत मला त्या कागदावरील शून्य आठवले. ते शून्य मी कोणत्या आधारावर लिहिले होते? एखाद्या पिठाच्या गिरणीचा अर्ज आला असता तर मी जागा पाहिली असती, अर्जदाराचा अनुभव विचारला असता, गावात गिरण्या किती याची चौकशी केली असती. त्या मुलाच्या बाबतीत यांपैकी काहीही न करता मी अर्ज नामंजूर केला होता.

म्हणून या वेळी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत मी एका जुन्या माणसाची कथा, बँकेत कर्जाची फाइल वाचावी तशी, पुन्हा वाचून काढली. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

फाळक्यांची फाइल

दादासाहेब फाळक्यांची कथा आपण सहसा वेडाची कथा म्हणून सांगतो: एक मनुष्य चित्रपट पाहतो, झपाटतो, सर्वस्व पणाला लावतो आणि 'राजा हरिश्चंद्र' घडवतो. कर्ज-अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या फाइलमध्ये वेडाइतकीच तयारीही दिसते.

पहिला रकाना अनुभवाचा. फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मले. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि साचेकाम यांचे शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला, परंतु प्लेगच्या काळात पत्नी व अपत्य गमावल्यावर ते गाव सोडले. नंतर भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली. त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तीही सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. पुढे दादरला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' भरभराटीस आणली आणि छपाईचे नवे तंत्र पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवासही केला. भागीदारांशी न पटल्याने ते त्या धंद्यातून बाहेर पडले. १९११ साली गिरगावातील एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. म्हणजे ज्या क्षणाला आपण झपाटणे म्हणतो, त्याच्यामागे रेषा, भिंग, रसायने आणि शाई यांची पंचवीस वर्षांची उमेदवारी होती.

दुसरा रकाना स्वतःच्या गुंतवणुकीचा. बँकेच्या भाषेत याला मार्जिन म्हणतात. अर्जदाराचे स्वतःचे काहीच अडकलेले नसेल तर बँक पैसा देत नाही. फाळक्यांनी बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार उभे केले, असे त्यांचे चरित्र सांगते. त्या बळावर १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढली, त्यांच्या मध्यस्थीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला, विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि एप्रिलच्या आरंभी परतही आले. अवघ्या दोन महिन्यांत बाजार पाहून, माल ठरवून परतणाऱ्या या प्रवासाला आपण व्यापारी मंडळी 'खरेदीची फेरी' म्हणू.

तिसरा रकाना नमुन्याचा. कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी भांडवल नव्हते, आणि न पाहिलेल्या वस्तूवर पैसा लावणार कोण? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर काही क्षणांत कोंब फुटून वेल वाढताना दिसू लागली. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा चित्रपट पाहिल्यावर भांडवल देणारे पुढे आले. पानमळे आणि पानपिंपळी यांच्या आमच्या गावातील माणसाला वेलीची ही गोष्ट विशेष भावते. धान्याची पोती विकण्यापूर्वी आपण मूठभर वानगी दाखवतो. फाळक्यांनी तेच केले.

चौथा रकाना सहकर्जदाराचा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. सरस्वतीबाई फाळक्यांनी आपले दागिने दिले. त्यांचे काम तेथेच संपले नाही. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, कॅमेऱ्यात भरणे हे सारे त्या शिकल्या आणि चित्रीकरणावरील माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत उभा राहिला. तारामतीसाठी स्त्री मिळेना तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवण्यात आली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी खुला झाला. लोटलेली गर्दी इतिहासात नोंदली गेली. माझ्या फाइलमधील नोंद वेगळी आहे: या कर्जावर घरातील सर्वांची सही होती.

दुसरी बाजू

फाइल येथेच मिटवली तर वाचकांची फसवणूक होईल. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. फाळके कर्जात रुतले. १९१७ च्या 'लंकादहन'ने त्यांना पुन्हा उभे केले. १९१८ मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' भागीदारीत निघाली. पुढच्याच वर्षी त्यांची कन्या मंदाकिनी हिने 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण साकारला. मात्र भागीदारांशी मतभेद झाले, कंपनी सोडून ते काशीस गेले, काही काळाने परतले. बोलपटाचे युग आल्यावर मूकपटाचा हा जनक मागे पडत गेला. 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा घरात संपन्नता नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार शासनाने १९६९ साली सुरू केला. तो मान पाहायला ते नव्हते.

आणखी एक गोष्ट बँकेतला माणूस विसरू शकत नाही. ज्यांचे साधले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात; बुडालेल्या खात्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. त्यामुळे एका फाळक्यांकडे पाहून प्रत्येक घराने मुलाला वाट मोकळी करावी, असे मी म्हणणार नाही.

पण नंतरच्या काळातील ज्यांची वाटचाल सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्याकडे पाहिले तरी तयारीचा तो रकाना पुन्हा भरलेलाच सापडतो. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात शिकले, आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी रुग्णसेवा केली. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर उभे राहिले. मात्र महाविद्यालयीन दिवसांपासून ते हौशी रंगभूमीवर कसून काम करीत आले होते. आमच्या बँकिंग व्यवसायातील दोन नावे तर सर्वज्ञात आहेत. अमोल पालेकर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले आणि काही वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केलेले. अशोक सराफ सुमारे दहा वर्षे स्टेट बँकेत होते. दिवसा खातेवह्या आणि संध्याकाळी तालीम, असा काळ त्यांनी काढला. आमच्या शेजारच्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले गोपाल नीलकंठ दांडेकर यांची वाट निराळी. त्यांनी कोवळ्या वयात शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली आणि गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. ते बाबा आमच्याच तालुक्यातील शेंडगावचे. १९४७ नंतर गोनीदांनी लेखन हाच व्यवसाय मानला. लेखणी हाती घेण्यापूर्वी त्यांनी पायांनी मुलूख तुडवला होता. त्यांची उमेदवारी ती.

वाणिज्य आणि शिल्प

आठ दिवसांत एक विचार मला वारंवार अस्वस्थ करून गेला, तो आपल्या समाजासंबंधी होता. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. वाणिज्य पाचवे आणि शिल्प सहावे. दोन्ही एकाच गुरूने दिलेली, शेजारी शेजारी बसलेली. त्याच पुराणात नीलांजनेचे नृत्य चालू असता तिचे आयुष्य सरले आणि ते पाहून भगवंतांना वैराग्य झाले, अशी कथा येते. कला आपल्या परंपरेत क्षुल्लक मानली असती तर एवढ्या निर्णायक क्षणी ती तेथे आली नसती.

आपण कलेवर खर्च करण्यात कधीही कमी पडलो नाही. विमलशहांनी १०३१ साली आबूला मंदिर उभारले. त्यानंतर दोनशे वर्षांनी वस्तुपाल-तेजपाल यांनी त्याच्या शेजारी दुसरे उभारले. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या आपल्या श्रेष्ठींनी सोन्याच्या शाईने लिहवून घेतल्या. आमच्या भागातून प्रत्येक कुटुंब मुक्तागिरीला जाते, तेथील मंदिरांच्या जीर्णोद्धाराला यथाशक्ती देते. छिन्नी चालवणारा, कुंचला धरणारा मात्र नेहमी दुसऱ्याचा मुलगा असावा, अशी आपली अपेक्षा राहिली. त्याला आपण मजुरी दिली, मान दिला, शाल-श्रीफळही दिले. तोच कुंचला आपल्या घरच्या हातात दिसला की आपण बँकवाल्या काकांकडे धाव घेतो. हे लिहिताना मी स्वतःलाही वगळत नाही.

अनियमित उत्पन्नाची भीती आपण पुढे करतो. वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याने ती फार बाळगावी, याचे मला आश्चर्य वाटते. ज्या शेतकऱ्याशी आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार, त्याला दरमहा पगार कुठे असतो? कापूस बाजारात आला की पैसा, तोवर उधारी. आपण त्याचा हंगाम ओळखतो, त्याला उचल देतो आणि वसुलीही करतो. उत्पन्न दरमहा येत नाही एवढ्यावरून उत्पन्नच नाही, असा निष्कर्ष आपण त्याच्याबाबत कधी काढला नाही.

आठव्या दिवशी

ठरल्या दिवशी बाप-लेक दोघेही आले. मी मुलाला समजावले नाही, प्रश्न विचारले. गेल्या तीन वर्षांत किती चित्रे पूर्ण केली? एकशे चाळीस. आर्टिकलशिप चालू असताना वेळ कधी काढला? पहाटे. कोणाला विकली? सात विकली, त्यांपैकी दोन नातेवाइकांना. ती दोन त्याने स्वतःहून वजा केली, हे मला आवडले. पुढे शिक्षण कुठे? मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचे, नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय घरापासून जवळ. दोहोंची त्याने चौकशी केली होती. वर्षाचा खर्च किती? त्याने कागद काढला. भाडे, भोजन, कागद, रंग, प्रवास असे सारे मांडलेले. त्यात त्याने स्वतःच्या कमाईचा रकानाही ठेवला होता: दोन दुकानांचे हिशेब लिहून देण्याचे काम त्याने धरले होते. सीएचे शिक्षण फुकट गेले असे मानणाऱ्या वडिलांनी तो रकाना दोनदा वाचला.

अंतिम परीक्षेचा विषय मी काढला. "बसलो तर पास होईन काका," तो म्हणाला, "पण मग घरात कोणी मला जाऊ देणार नाही, आणि मीही जाणार नाही." या उत्तरावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते. स्लिपांच्या पाठीमागे चेहरे काढणारा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

मग मी वडिलांकडे वळलो. दुसऱ्या गावी नवी शाखा काढताना आपण काय करतो, ते त्यांनी मला सांगावे असे म्हटले. रक्कम ठरवतो, मुदत ठरवतो, मधूनमधून जाऊन पाहतो, पहिल्या तोट्याला घाबरत नाही आणि मुदत संपल्यावर खरा हिशेब मांडतो. "मग हे तसेच करा," मी म्हणालो. मान्यताप्राप्त कलाशिक्षणासाठीही बँका शैक्षणिक कर्ज देतात आणि साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, तो मार्गही मी दाखवला. पण घरची ऐपत असताना घराने आधी उभे राहावे, असे माझे मत पडले. तीन वर्षे. ठरलेली रक्कम. ती भिक्षा म्हणून देऊ नये, उपकार म्हणून ऐकवू नये. मुलाच्या नावाने वहीत खाते उघडून तेथे लिहावी. तीन वर्षांनी तो परतला तर दुकानाची गादी त्याला टोमण्याशिवाय मिळावी. आपल्याकडे परिग्रहाचे परिमाण व्रत म्हणून घेतात. टोमण्यांचेही परिमाण घेता येईल, असे मी म्हटले तेव्हा इतके दिवस गप्प असलेला तो मुलगा पहिल्यांदा हसला.

वडील लगेच काही बोलले नाहीत. "घरी विचारतो," एवढेच म्हणून उठले.

त्या वर्षी संवत्सरीच्या दिवशी मी त्या कापड व्यापाऱ्याला फोन केला. 'मिच्छामि दुक्कडम्' आपण सर्वांनाच म्हणतो, बहुधा कशाबद्दल ते न सांगता. मी कशाबद्दल ते सांगितले. तो कागद, ते शून्य. पलीकडे क्षणभर शांतता होती. "काका, तुम्हाले आठवते ते?" तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, "त्या पोराले म्हणा, पहाटेचा वेळ सोडू नको."

दिवाळीत वहीपूजनाला आडत दुकानातून मला बोलावणे आले. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून झाला, श्रीकार काढून नव्या वहीची पूजा झाली. आजोबांनी चष्मा पुसला, मान वाकवली आणि कोऱ्या पानावर नातवाच्या नावाने खाते उघडले. नावे रक्कम लिहिली. तपशिलाच्या जागी त्यांची लेखणी थोडी थांबली. मग त्यांनी तेथे एकच शब्द लिहिला: शिल्प.

हे खाते वसूल होईल की नाही, ते आज मी सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे, की या अर्जाची छाननी झाली आहे.